शेवटचं कडवं घरी वाचा

इंग्रजी कविता पायांनी शिकवणारा माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात एकच होऊन गेला आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आत्याचे यजमान म्हणून आमच्याकडच्या रीतीने मी त्यांना मामा म्हणायचो. गंगाखेडच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवत. मी बोरीहून शिकायला आलो आणि त्यांच्याच घरी राहिलो. त्यामुळे सकाळी जो माणूस उघड्या अंगाने, टॉवेल गुंडाळून माझ्याशी ज्वारीच्या भावाबद्दल बोलायचा, तोच साडेअकराला काळा कोट चढवून मला इंग्रजीत उभं राहायला सांगायचा. घरातले मामा कुठे संपतात आणि कॉलेजातले सर कुठे सुरू होतात, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनाही कळत नसावं, कारण एकदा भर वर्गात त्यांनी मला शेक्सपिअरच्या जमान्याबद्दल प्रश्न विचारला आणि मी गप्प राहिल्यावर म्हणाले, "सकाळी तीन भाकरी खाताना तोंड बरोबर उघडत होतं."

मामांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. इंग्रजी ते उर्दूच्या खांद्यावर बसून शिकले होते, म्हणून कवितेला ते नज्म म्हणायचे आणि एखादी ओळ फारच आवडली की फळ्याकडे तोंड करून स्वतःशीच 'क्या बात है' म्हणायचे. त्यांचा दुसरा छंद म्हणजे चहा न पिणे. म्हणजे प्यायचे, पण फक्त स्वतः केलेला. चारच्या ठोक्याला स्वयंपाकघरात शिरून, आत्याला बाजूला सारून, एका लहान पातेल्यात ते स्वतःपुरता चहा करायचे. साखर अर्धा चमचा, तीही बोटाने सपाट केलेली. तो चहा ते एका पितळी फुलपात्रातून प्यायचे. दुसऱ्याच्या हातचा चहा त्यांनी जन्मात घेतला नव्हता. प्राचार्यांकडे नाही, शेजाऱ्यांकडे नाही. बोरीला आमच्या आजोबांनी जावई म्हणून आग्रहाने दोनदा कप पुढे केला, दोनदा मामांनी हात जोडले, आणि आजोबा पुढे मरेपर्यंत 'आमच्या चहात काय शेण होतं का' असं दर दिवाळीला विचारत राहिले. कारण विचारलं तर मामा पोटावर हात ठेवून म्हणायचे, "प्रकृती." बाकी त्या प्रकृतीला हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शिळी भाकरी चालायची. घराबाहेर पडताना ते फुलपात्र एका कापडी पिशवीत असायचं आणि ती पिशवी धरायचं काम माझ्याकडे असायचं. कुठे पाणी प्यायचं म्हटलं की मी न सांगता फुलपात्र पुढे करायचो.

पण मामांची खरी ख्याती एका कवितेमुळे होती. आमच्या पुस्तकात दोनेकशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज कवीची कविता होती. कवी एका संध्याकाळी आपल्या शहरातून चालत निघतो. पाच कडवी, पाच ठिकाणं. पहिल्यात पुलावरून माना खाली घालून घरी जाणारी माणसं, दुसऱ्यात खिडकीशी डोळे फोडत शिवणारी बाई, तिसऱ्यात कचेरीच्या पायऱ्यांवर ताटकळणारे लोक, चौथ्यात पडदे लावून घेतलेलं एका धनिकाचं घर. पाचव्यात तो दिवा नसलेल्या गल्लीत पोहोचतो, तिथलं एक दार उघडतं आणि आतली बाई त्याला विचारते, कोण हवं आहे तुम्हाला? तिथे कविता संपते. कवी काय उत्तर देतो ते नाही. आता ही कविता वर्गात बसून शिकवायला मामांची हरकत होती. त्यांचं म्हणणं असं, "अरे, त्या माणसानं नज्म चालत लिहिली. ती बाकावर बसून कशी समजायची?" म्हणून दर हिवाळ्यात एक दिवस शेवटचे दोन तास जोडून घेऊन मामा अख्खा वर्ग घेऊन गंगाखेडातून फिरायचे. पुलाच्या जागी रेल्वेचं फाटक. तिथे उसाच्या गाड्यांमागे माणसं खोळंबलेली असायची. तिथे उभं राहून पहिलं कडवं. मग शिंप्याच्या खिडकीसमोर दुसरं, तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर तिसरं, मोंढ्यातल्या एका अडत्याच्या माडीखाली चौथं. माणसांच्या चेहऱ्याकडे बोट न दाखवता ते कसे पाहायचे, हेही ते शिकवायचे. त्यांच्या मते रसग्रहण म्हणजे एवढंच.

या फेरीचा परिणाम घरावरही झालेला होता. आमच्या घरात गंगाखेडचे पत्ते कडव्यांवरून चालत. आत्या चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजीचा गंध नाही, पण मला हाक मारून सांगायची, "तिसऱ्या कडव्याम्होरं एक भाजीवाली बसती, तिच्याकून कोथिंबीर आन. दुसऱ्या कडव्यात माझं पोलकं टाकलंय, झालं का इचार." एकदा बोरीहून माझे वडील आले आणि मामा कुठे आहेत म्हणून विचारलं, तर आत्या म्हणाली, "पहिल्या कडव्याला गेलेत, फाटक पडलं आसंल." वडिलांना बराच वेळ वाटत राहिलं की जावईबापूंच्या डोक्याचं काहीतरी बिनसलंय आणि घरचे ते झाकायला बघतायत.

माझ्या आधीच्या वर्गाने तर कहर केला. विद्यापीठाच्या परीक्षेत नेमका या कवितेवर प्रश्न आला आणि मामांच्या पोरांनी जीव तोडून उत्तरं लिहिली. एकाने लिहिलं, कवी प्रथम रेल्वे फाटकापाशी उभा राहतो, तेथे उसाच्या गाड्या असतात. दुसऱ्याने लिहिलं की शिवणाऱ्या बाईचं मशीन जुनं असून त्याचा पट्टा वारंवार निसटतो. एका मुलीने तर त्या इंग्रज कवीला तहसील कचेरीत सातबाराच्या उताऱ्यासाठी तीन खेपा घालायला लावल्या होत्या. अर्धा वर्ग नापास झाला. प्राचार्यांनी मामांना बोलावून तपासनिसाचा शेरा वाचून दाखवला. हे विद्यार्थी कोणती कविता वाचून आले आहेत, असा तो शेरा होता. मामा खुशीत घरी आले. आत्याला म्हणाले, "पोरांनी नज्म पाहिली गं! डोळ्यांनी पाहिली!" आत्या म्हणाली, "आन् पास कोन व्हनार?" मी मात्र त्याच आठवड्यात एक गाईड विकत आणलं आणि आत्याच्या संमतीने ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवलं, कारण मामांना घरात गाईड सापडलं असतं तर त्यांनी मला बोरीची पहिली बस दाखवली असती.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मला तेव्हा दिसलीच नव्हती. मामांच्या फेरीत चारच कडवी व्हायची. मोंढ्यातून निघून सगळे वेशीजवळच्या पिंपळाच्या पारावर येत. समोर ओढा, ओढ्यापलीकडे बौद्धवस्ती. पारावर टेकून मामा घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "वेळ संपली. शेवटचं कडवं सोपं आहे, घरी वाचा." सगळी पोरं पांगायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं. मला त्यात काही खटकलं नाही. आमच्या बोरीलाही असा एक ओढा होता आणि त्याच्या पलीकडे मीही कधी गेलो नव्हतो. ओढा आला की परत फिरायचं असतं, असंच मी धरून चाललो होतो.

मी दुसऱ्या वर्षाला होतो त्या पावसाळ्यात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं म्हणून गावोगाव दलितांची घरं जाळली गेली. कॉलेज बरेच दिवस बंद राहिलं. उघडलं तेव्हा वर्गात बाक तेच होते, पण कोण कुणाशेजारी बसतं ते बदललं होतं. उत्तम नावाचा एक मुलगा दिवाळीनंतर परत आला. गोदावरीपलीकडच्या एका खेड्यातला. त्याचं घर जळालं होतं. आई आणि तो आता गंगाखेडात ओढ्यापलीकडच्या वस्तीत, मावशीच्या घराशेजारी पत्रे टाकून राहत होते. आधी तो वर्गात बोलायचा, शंका विचारायचा. आता शेवटच्या बाकावर बसून नुसता पुस्तकाकडे बघायचा. मामांनी त्याला एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "काय उत्तम, बरं आहे ना?" तो हो म्हणाला आणि मामांनी शिकवायला सुरुवात केली. याहून जास्त कुणी काही विचारलं नाही. मी तर तेवढंही नाही.

त्या हिवाळ्यात प्राचार्यांनी मामांना सांगितलं की यंदा फेरी नको, वातावरण गरम आहे, वर्गातच उरकून घ्या. मामा म्हणाले, "साहेब, बसून शिकवली तर पोरं पास होतील, एवढाच फायदा आहे." आणि ते निघाले. फाटक झालं, शिंपी झाला, कचेरी झाली. माडीखाली चौथं कडवं वाचताना मामांना नेहमीचा रंग चढला नाही, हे माझ्याही लक्षात आलं. मग पार आला. मामांनी घड्याळ पाहिलं. "वेळ संपली. शेवटचं कडवं सोपं आहे, घरी वाचा."

उत्तम मागून पुढे आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "सर, घरी वाचा म्हणलाव. माझं घर ते काय, वढ्यापल्याड दिसायलंय. चला की."

एका पोराने हातात धरून आणलेली सायकल वळवली, मग दुसऱ्याने. बघता बघता पारावर आम्ही सात-आठ जण उरलो. मलाही जायचं होतं, खोटं कशाला सांगू. पण मामांची पिशवी माझ्या हातात होती आणि ती ठेवून जाता येत नव्हतं. मामा ओढ्याकडे बघत होते. मग त्यांनी घड्याळ मनगटावरून काढलं, कोटाच्या खिशात टाकलं आणि म्हणाले, "चल."

ओढ्यात दगड टाकलेले होते. मामांच्या धोतराचा सोगा भिजला. वस्तीतली माणसं दारात येऊन बघत होती. मास्तर, मागे पोरं, सगळ्यांच्या हातात पुस्तकं, म्हणजे जनगणना आली असावी असं एका म्हातारीला वाटलं आणि तिने घरातली सगळी माणसं बाहेर बोलावली. उत्तमचं घर चहूबाजूंनी पत्र्याचं होतं, फक्त दाराची चौकट लाकडी होती. वरच्या अंगाला पार काळी पडलेली. जळालेल्या घरातून तेवढी एकच वस्तू धड निघाली, म्हणून त्याच्या आईने ती बैलगाडीत घालून आणली आणि इथे उभी केली, हे उत्तमने मला नंतर सांगितलं. त्या वेळी मला फक्त एवढं दिसलं की मामा त्या चौकटीसमोर जाऊन थांबले आणि उत्तम अजून आमच्या मागेच होता.

आतून त्याची आई बाहेर आली. ओल्या हातांनी पदर सारखा करत तिने विचारलं, "कोन पायजे?"

या एका प्रश्नावर तासभर बोलू शकेल असा माणूस तिच्यासमोर उभा होता. माझ्या गाईडात लिहिलं होतं की येथे कवीने समाजाला प्रश्न विचारला आहे. मामांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. शेवटी मागून उत्तमच म्हणाला, "आई, सर हायेत माझे. कालेजातले."

"आगं बाई! बसा की, बसा. चहा टाकते."

उत्तमने मान खाली घातली. "आई, सर चहा घेत न्हाईत."

मामा चहा घेत नाहीत हे अख्ख्या कॉलेजला माहीत होतं. प्राचार्यांकडे घेत नाहीत, सासऱ्याकडे घेत नाहीत, कुणाकडेच घेत नाहीत. पण तेच वाक्य त्या दारात फार वेगळं ऐकू आलं. उत्तमच्या आईचा चेहरा उतरला आणि ती म्हणाली, "आसू द्या, आसू द्या." तिला ते वाक्य ऐकायची सवय असावी.

"कोण म्हणतं घेत नाहीत?" मामा म्हणाले आणि जमिनीवर बसकण मारली. चहा झाला. कान तुटलेल्या कपातून तिने तो मामांपुढे आणला. आणि मी काय केलं? मी सवयीने पिशवीत हात घातला आणि फुलपात्र काढून पुढे धरलं. हात पुढे गेल्यावर मला कळलं की मी काय केलंय. ती सवय होती, दुसरं काही नव्हतं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला समजावत आलो आहे. मामांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. म्हणाले, "ठेव ते." मग त्यांनी दोन्ही हातांनी कप घेतला, एक घोट घेतला, आणि घरी स्वतःचा चहा बिघडल्यावर करायचे तसं तोंड केलं.

"बाई, साखर लय झाली. आणि पत्ती उकळू दिली नाही तुम्ही."

उत्तमची आई आधी बघतच राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आता मास्तर लोकांला काय आवडतंय मला काय म्हाईत! म्होरल्या बारीला कमी टाकते."

मामांनी कप रिकामा केला. मग पाचवं कडवं वाचलं. एकदाच. अर्थ सांगितला नाही. पुस्तक मिटून उत्तमकडे बघत म्हणाले, "हे कडवं मी आजवर शिकवलं नाही. वेळ संपली म्हणून सांगायचो. वेळ पुष्कळ असायची. मला यायची भीती वाटत होती." एवढं बोलून ते उठले. मी मामांना कुणाची माफी मागताना पाहिलं ते तेवढंच.

आमच्या आधी बातमी घरी पोहोचली होती. आत्या उंबऱ्यातच उभी होती. गावात काय बोलतील, संक्रांतीच्या वाणाला कोण येईल, कोण येणार नाही, यावर ती बोलेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "चहा पिऊन आलाव म्हनं?"

"हो."

"सव्वीस वर्सं झाली लग्नाला. माझ्या हातचा येक घोट घेतला न्हाई तुमी." आणि तिचे डोळे भरून आले. मामांना काय करावं कळेना. ते आत जाऊन पाटावर बसले. आत्याने चहा केला, कपात ओतला, समोर ठेवला आणि राखणीला बसावं तशी समोर बसून राहिली. मामांनी तो सगळा प्यायला आणि म्हणाले, "पत्ती जास्त झाली." रात्री त्यांचं पोट बिघडलं, म्हणजे प्रकृतीची तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण दुसऱ्या दिवशी चारला आत्याने पुन्हा कप ठेवला, आणि पुढे रोजच ठेवत गेली. त्या संक्रांतीला वाणाला बायका खरंच कमी आल्या. आत्या दारावर टेकून वाट बघत बसली, मग उरलेला तिळगूळ डब्यात भरून मला म्हणाली, "पाचव्या कडव्यात दिऊन यी." मी देऊन आलो. या वेळी पिशवी नव्हती.

परीक्षेत मी गाईडातलं उत्तर लिहिलं आणि चांगला पास झालो. उत्तमने काय लिहिलं ते त्याने कधी सांगितलं नाही, पण तोही पास झाला आणि पुढे शिक्षक झाला. मामा निवृत्त होईपर्यंत फेरी पाच कडव्यांची राहिली. दर वर्षी पारावर काही सायकली वळत आणि काही ओढा ओलांडत. आत्या गेल्यावर मामा एकदम थकले. चारला कुणी चहा पुढे ठेवला नाही तर करायचा राहूनच जायचा. एवढी वर्षं स्वतःचा चहा स्वतः करणारा माणूस, पण आता पातेलं कुठे असतं तेही त्यांना आठवेना.

विद्यापीठाला एकदाचं बाबासाहेबांचं नाव लागलं त्या संक्रांतीला मी गंगाखेडला त्यांच्याकडे होतो. रेडिओवर बातमी ऐकून मामा उठून बसले. म्हणाले, "कोट दे. फेरीला जाऊ." पाय चालत नव्हते, म्हणून फाटक, शिंपी, कचेरी, माडी, सगळं वगळून मी त्यांना रिक्षाने थेट ओढ्यापर्यंत नेलं. तिथे आता फरशी पूल झाला होता. उत्तमने विटांचं घर बांधलं होतं, पण आईने चौकट बदलू दिली नव्हती. वस्तीत हलगी वाजत होती. मामा माझ्या खांद्याला धरून त्या काळ्या चौकटीसमोर उभे राहिले.

उत्तमची आई बाहेर आली. केस पांढरे झालेले, पण तिने मामांना लांबूनच ओळखलं होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तरी तिने कमरेवर हात ठेवून, अगदी त्या दिवशीसारखं विचारलं, "कोन पायजे?"

या वेळी मामा अडखळले नाहीत.

"तुम्हीच, बाई," ते म्हणाले. "चहा टाका."

साखर कमी टाकायला त्यांनी सांगितलं नाही. चहा पूर्वीसारखाच गोडमिट्ट झाला होता. मामांनी तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला, आणि आत्याच्या चहालाही रोज नावं ठेवणाऱ्या त्या माणसाने त्या दिवशी एकही नाव ठेवलं नाही. घरी परतताना मला रडू आलं ते त्यामुळेच.